न बोचणारे ज्ञान

मनुष्यदेहाच्या आत काय चालले आहे हे जाणून घ्यावयाचे, तर त्या देहाला थोडीबहुत इजा केल्यावाचून गत्यंतर नाही, ही वैद्यकशास्त्राची फार दिवसांची अडचण होती. रक्त पाहावयाचे तर सुई टोचली पाहिजे, मांस तपासावयाचे तर त्याचा तुकडा काढला पाहिजे, आणि खोलवरची रचना पाहावयाची तर बहुधा मनुष्य मरेपर्यंत वाट पाहिली पाहिजे. ही अडचण एकेका अवयवापुरती दूर होत चालली आहे. त्वचेवर नुसता प्रकाश टाकून, तिला कोठेही छेद न देता, तिच्याखालच्या अतिसूक्ष्म वाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे मोजण्याची साधने आज उपलब्ध आहेत, आणि मधुमेह झालेल्या मनुष्याच्या बाबतीत त्यांचा उपयोग संशोधक मोठ्या उत्साहाने करून पाहत आहेत. या साधनांची शास्त्रीय योग्यायोग्यता ठरविण्याचा अधिकार वैद्यांचा आहे; तो आमचा नव्हे. परंतु त्यांच्यामुळे जो एक प्रश्न उभा राहतो, तो केवळ वैद्यांचा नाही. ज्या मनुष्याला आपल्या देहात काही बिघडले आहे असे मुळीच जाणवत नाही, त्याचा बिघाड त्याला यत्किंचितही न दुखविता दुसऱ्यास पाहता येऊ लागला, तर त्या पाहण्याने कोणावर कोणते बंधन येते? जे ज्ञान मिळविताना कोणास बोचले नाही, ते मिळाल्यानंतरही निरुपद्रवी राहते काय? ज्या घरात मधुमेह आहे, आणि असे एकही घर नाही अशी आळी आज आपल्याकडे सापडणे कठीण, त्या घराला हा प्रश्न नुसता तात्त्विक वाटणार नाही.

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा धमन्यांतील रक्त शिरांत कोणत्या वाटेने शिरते हे त्याने पाहिलेले नव्हते. अशी वाट असलीच पाहिजे, एवढे त्याने अनुमानाने जाणले. ती वाट प्रत्यक्ष दिसली १६६१ साली, मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन पंडितास, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवलेल्या बेडकाच्या फुप्फुसात. या वाटांस आपण केशवाहिन्या म्हणतो खरे, पण त्या केसाहून कितीतरी बारीक असतात. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. रक्तातील तांबड्या पेशीला त्यांतून जाताना पुष्कळदा अंग चोरूनच जावे लागते. परंतु शरीराचे पोषण होते ते येथेच. मोठ्या धमन्या हे राजरस्ते झाले. घरोघर धान्य पोचते ते बोळांतून.

या बोळांतील रहदारी बाहेरून कशी मोजतात, तेही पाहू. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन पंडिताने १८४२ साली प्राग येथे असे प्रतिपादन केले की, लहरी उत्पन्न करणारी वस्तू पाहणाराच्या जवळ येत किंवा दूर जात असली म्हणजे त्या लहरींची कंपनसंख्या बदललेली भासते. आगगाडी फलाटावरून भरधाव निघून जाताना तिच्या शिटीचा स्वर एकदम उतरतो, हा त्याचा सर्वांच्या परिचयाचा दाखला. एकाच रंगाचा, म्हणजे लेसरचा, मंद प्रकाश त्वचेवर टाकला तर त्यातील काही भाग स्थिर मांसावरून परततो. तो जसाचा तसा येतो. काही भाग वाहत्या तांबड्या पेशींवर आदळून परततो. त्याच्या कंपनसंख्येत अल्पसा फरक पडलेला असतो. फरक पडलेला प्रकाश किती आणि फरक केवढा, यांवरून पेशी किती व त्यांची गती किती यांचा अदमास करता येतो. मायकेल स्टर्न यांनी १९७५ साली ही युक्ती मनुष्याच्या त्वचेवर चालते असे दाखविले, आणि स्वीडनमधील लिंशोपिंग येथील संशोधकांनी १९८० च्या सुमारास तिला उपयोगास येईल अशा यंत्राचे रूप दिले. प्रकाश त्वचेत सुमारे एक मिलिमीटर इतकाच खोल जातो. पण तेवढ्या जाडीत केशवाहिन्यांचे सारे जाळे आलेले असते. मग ती जागा ४२ ते ४४ अंश सेल्सिअसपर्यंत हलकेच तापवितात, किंवा हातापायाला पट्टा आवळून रक्त क्षणभर अडवितात व सोडतात, आणि प्रवाह किती झपाट्याने वाढतो ते पाहतात. निरोगी त्वचेत तो जोराने वाढतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या मनुष्यात ही वाढ पुष्कळदा मंद आढळते. आणि डोळ्यास दिसणारे कोणतेही लक्षण त्वचेवर उमटण्यापूर्वीही ती मंद झालेली असू शकते.

मधुमेहाचे मुख्य वैर या बारीक वाहिन्यांशी आणि मज्जातंतूंशी आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली म्हणजे या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, प्रसंगी फैलावण्याची त्यांची शक्ती क्षीण होते, आणि त्याच वेळी पायाच्या बोटांपासून संवेदना बधिर होत जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या देशातील मधुमेहींची संख्या २०२१ साली १० कोटी १० लाख असावी असा अंदाज दिला आहे. यांपैकी कितीतरी जणांना आज काहीही दुखत नाही. न दुखणे हीच त्यांची आपत्ती होऊ शकते, हे या विकाराचे विलक्षण स्वरूप आहे.

आता पूर्वपक्ष मांडू. पूर्वपक्षी म्हणेल : सुई टोचावयाची नाही, रक्त सांडावयाचे नाही, औषध पोटात घ्यावयाचे नाही, केवळ उजेड पाडून पाहावयाचे आहे. अशा पाहण्यास आक्षेप तो काय असणार? ज्ञान अज्ञानापेक्षा केव्हाही श्रेयस्कर, आणि विनामूल्य मिळणारे ज्ञान तर नाकारणे हा मूर्खपणाच होय. म्हणून जितक्यांना पाहता येईल तितक्यांना पाहावे, जितक्या वेळा पाहता येईल तितक्या वेळा पाहावे, आणि दिसेल ते सांगून टाकावे.

हे म्हणणे वरवर निर्दोष दिसते. परंतु त्यातील 'विनामूल्य' या शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सुईचा एक गुण असा होता की, ती टोचण्यापूर्वी वैद्याला आपल्या मनाशी एक हिशेब करावा लागे. हे दुःख देऊन मला जे कळणार आहे, ते या मनुष्याच्या कामाचे आहे काय? रोग्यालाही तो विचारण्याचा हक्क वाटे. कारण हात त्याचा होता. देहाला पडणारी किंमत हीच एक प्रकारची राखण होती. ती किंमत शून्यावर आली की प्रश्न विचारण्याचे निमित्तच नाहीसे होते. प्रकाश टाकणारा विचारीत नाही, ज्याच्यावर टाकला तोही विचारीत नाही, आणि कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका आकड्याच्या रूपाने कागदावर उमटते. हा आकडा त्या मनुष्याच्या मनात शिरतो, त्याच्या घरात शिरतो, प्रसंगी विमा उतरविणाऱ्याच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्याही हाती पडू शकतो. त्वचा अभंग राहिली म्हणून मनुष्य अभंग राहिला असे होत नाही. किंमत नाहीशी झालेली नाही. ती देहाच्या खात्यातून निघून अन्य खात्यावर चढली आहे, एवढेच.

तरीही केवळ मनास त्रास होतो म्हणून पाहूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. पाहणे केव्हा कर्तव्य ठरते, याचे उत्तम उदाहरण याच विकारात दुसऱ्या एका अवयवाने घालून दिले आहे. हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन तयार केले, तेव्हापासून जिवंत मनुष्याच्या बारीक रक्तवाहिन्या छेद न देता पाहण्याची एक खिडकीच मिळाली. मधुमेहात डोळ्याच्या आतील पडद्यावरील या वाहिन्या बिघडतात, पाझरतात, नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात, आणि या साऱ्या काळात रोग्याला बहुधा स्वच्छ दिसत असते. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाला. धोक्याच्या अवस्थेतील डोळ्यावर प्रकाशाने डाग देण्याचा उपचार वेळेवर केल्यास दृष्टी जवळजवळ पूर्ण जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, असे त्यातून सिद्ध झाले. तेव्हापासून मधुमेही मनुष्याच्या डोळ्याच्या पडद्याची नियमित तपासणी न करणे हा अपराध ठरू लागला, आणि ते योग्यच आहे. कारण तेथे पाहण्याच्या पाठोपाठ करण्यासारखे काही आहे. आणि ते नेमके तेव्हाच करण्यासारखे आहे, जेव्हा रोग्याला स्वतःला काही जाणवत नाही.

त्वचेची गोष्ट आज तशी नाही. पावलाच्या त्वचेतील प्रवाह मंद आहे असे कळल्यावर काय करावयाचे? साखर ताब्यात ठेवावयाची, रक्तदाब ताब्यात ठेवावयाचा, तंबाखू व विडीकाडी सोडावयाची, पाय जपावयाचे. परंतु हा उपदेश प्रत्येक मधुमेही मनुष्याला, त्याचा आकडा काहीही असो, करावयाचाच आहे. अमेरिका व कॅनडा येथे झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने आणि नंतर १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगाने हे निर्विवाद ठरविले की, साखर नीट आवरली तर सूक्ष्म वाहिन्यांचे विकार कमी होतात. ब्रिटिश प्रयोगात ते सुमारे एकचतुर्थांशाने कमी झाले. हे जाणण्यासाठी कोणाच्याही पावलावर लेसर टाकावा लागत नाही. मग हा आकडा रोग्याला नवीन काय देतो? निश्चय दृढ होण्यास मदत होत असेल, तर ती त्याची देणगी. पण नुसतीच धास्ती वाढत असेल, तर ते त्याच्या डोक्यावर ठेवलेले ओझे. संशोधकाच्या दृष्टीने मात्र त्याचे मोल वेगळे आहे. नव्या औषधाने प्रवाह सुधारतो काय, एखादी जखम भरेल की नाही याचा अंदाज करता येईल काय, हे शोधण्यासाठी अशा मोजमापावाचून चालणार नाही. तेव्हा संशोधकास जे ज्ञान आहे, ते रोग्यास लगेच ज्ञान होतेच असे नाही. आणि हा भेद लपवून ठेवणे हा अप्रामाणिकपणा होय.

आकड्याच्या स्वरूपाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. या यंत्रातून निघणारे मान हे मिनिटास इतके घनसेंटिमीटर रक्त, अशा कोणत्याही सर्वमान्य मापात येत नाही. ते त्या यंत्राचे स्वतःचे मान असते. त्वचेवर बोटभर अंतर सरकले तरी ते बदलते, खोलीतील उष्म्याने बदलते, मनाच्या अस्वस्थतेनेही बदलते. याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, पावलाच्या त्वचेत केशवाहिन्यांना वगळून धमनीतून थेट शिरेत जाणाऱ्या आडवाटा असतात. मज्जातंतू दुबळे झाले म्हणजे या आडवाटा उघड्या राहतात, मग यंत्रास प्रवाह भरपूर दिसतो, पण तो बोळांत न शिरता परस्पर निघून गेलेला असतो, असे काही संशोधकांचे प्रतिपादन आहे. तसे असल्यास वरून सुबत्ता दिसावी आणि आत उपासमार असावी, असा हा प्रकार झाला. आकडा खोटे बोलत नाही हे खरे. परंतु आपण त्याला विचारलेला प्रश्न आणि त्याने दिलेले उत्तर एकाच गोष्टीविषयी असतात, असेही नाही.

त्यात आम्हां सावळ्या वर्णाच्या लोकांना लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे. २०२० सालच्या साथीत बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र आपल्याकडे घरोघर आले. तेही प्रकाशानेच मोजते. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील एका पाहणीत असे आढळले की, प्राणवायू धोक्याच्या मर्यादेखाली गेलेला असूनही यंत्राने तो पुरेसा दाखविला, असे प्रसंग गोऱ्या रोग्यांपेक्षा कृष्णवर्णीय रोग्यांत जवळजवळ तिप्पट होते. प्रकाश निःपक्षपाती आहे अशी आपली समजूत असते. पण त्वचेतील रंगद्रव्य त्यातला काही भाग वाटेतच गिळते, आणि यंत्राचे माप ज्यांच्या त्वचेवर बसविले त्यांच्यासाठीच ते अधिक खरे ठरते.

सूक्ष्म वाहिन्यांविषयीच्या चुकीच्या ज्ञानाने काय घडू शकते, याचा एक इतिहासही उपलब्ध आहे. मधुमेहामुळे कापून टाकाव्या लागलेल्या पायांच्या तपासणीवरून १९५९ साली काही अमेरिकन संशोधकांनी असे मत मांडले की, या विकारात पायाच्या अगदी बारीक धमन्याच बुजून जातात. हे मत लवकरच रूढ झाले. त्याचा व्यावहारिक अर्थ शस्त्रवैद्यांनी असा घेतला की, बोळच बुजले असतील तर राजरस्ता मोकळा करून उपयोग काय? त्यामुळे मोठ्या धमनीतील अडथळा ओलांडून रक्त नेण्याची जी शस्त्रक्रिया इतरांवर होई, ती मधुमेही मनुष्याच्या बाबतीत व्यर्थ समजली जाऊ लागली. लोजर्फो आणि कॉफमन या दोघा अमेरिकन वैद्यांनी १९८४ साली एका लेखात साधार दाखविले की, बारीक वाहिन्या अशा बुजत नाहीत. त्यांचे कार्य बिघडते हे खरे, पण रक्त खाली पोचविले तर पाऊल वाचू शकते. या पंचवीस वर्षांत असा निराशेचा कौल मिळालेल्यांपैकी कित्येकांचे पाय वाचविता आले असते, असे मानल्यावाचून राहवत नाही. येथे रोग्यांस इजा झाली ती सुईने झाली नाही. 'काही उपाय नाही' या शब्दांनी झाली. आजच्या प्रकाशयंत्रांच्या आकड्यांवरून असाच एखादा कौल उद्या दिला जाणार नाही, ही काळजी वाहिली पाहिजे.

येथवर आम्ही पाहण्याच्या मर्यादा सांगितल्या. पण याहूनही मूळचा एक प्रश्न आहे. शरीराची स्वतःची वेदना गेली असता बाहेरच्या यंत्राचे ज्ञान तिची जागा घेऊ शकते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पॉल ब्रँड यांनी आपले आयुष्य वेचले. हे इंग्रज शस्त्रवैद्य १९१४ साली तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले. महारोग्यांची बोटे झडतात ती मांस सडल्यामुळे, ही त्या काळची समजूत. ब्रँड यांस आढळले की, रोगाने संवेदना जाते आणि पुढची हानी रोगी स्वतःच नकळत करून घेतो : तापलेले भांडे उचलतो, खिळा टोचलेल्या पायाने चालत राहतो, आणि रात्री उंदराने बोट कुरतडले तरी जागा होत नाही. पुढे १९६६ नंतर अमेरिकेतील कार्व्हिल येथे त्यांनी हेच ज्ञान मधुमेही मनुष्याच्या बधिर पावलांस लावले. कारण रोग निराळा असला तरी न दुखणाऱ्या पायाची दैना एकच होती.

तेथे त्यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब ओळखणारी साधने बसविली. दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेला की कानात आवाज व्हावा, किंवा दिवा लागावा, अशी योजना होती. इशारा अचूक मिळे. परंतु रोगी ऐकत नसत. आवाज ऐकू येई, त्याचा अर्थही समजे, आणि हातातले काम तसेच पुढे चाले. मग आवाजाऐवजी, संवेदना शाबूत असलेल्या जागी विजेचा झटका देण्याची योजना केली. तेव्हा रोगी काय करीत? धोक्याचे काम करावयाचे असले की यंत्र बंद करीत, काम उरकीत, आणि पुन्हा चालू करीत. अखेर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. ब्रँड यांनी स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे, आणि तिच्यातील बोध आमच्या मते या साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे. वेदना ही केवळ माहिती नव्हे. माहितीला आपण 'बरे, पाहू' म्हणू शकतो. वेदनेला म्हणू शकत नाही. वेदनेत कळणे आणि करणे यांच्यामध्ये फट नसते, आणि ती बंद करण्याची कळ आपल्या हाती नसते. म्हणूनच ती राखण करू शकते.

हे ध्यानात घेतले म्हणजे प्रकाशाने मिळालेल्या ज्ञानाचे खरे स्वरूप उलगडते. ते मिळविताना बोचत नाही हा त्याचा गुण. आणि मिळाल्यावरही बोचत नाही हा त्याचा दोष. ज्याच्या पावलाने त्याला काही सांगणे सोडून दिले आहे, त्याच्या हाती आपण एक कागद देतो. तो कागद तो घडी करून कपाटात ठेवतो, आणि संध्याकाळी अनवाणी देवदर्शनास जातो. उन्हाने तापलेल्या फरशीवर त्याचा पाय भाजतो, आणि घरी आल्यावर पायपुसण्यावर डाग पडलेला सुनेला दिसतो. त्या मनुष्याला दोष देणे सोपे आहे. परंतु निसर्गाने ज्या ज्ञानाला वेदनेचा दंडा दिला होता, ते ज्ञान आम्ही दंड्यावाचून दिले, आणि तेवढ्याने आमचे काम संपले असे समजलो, तर दोषाचा वाटा आमच्याकडेही येतो.

म्हणून आमचा सिद्धान्त असा आहे. दुसऱ्याच्या देहात त्याला न जाणवणारे जे आपण पाहतो, ते पाहताक्षणी आपण त्याचे ऋणी होतो. आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना फार व्यापक आहे. मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा व पितरांचा ऋणी मानलेला आहे, आणि हे ऋण त्याने मागून घेतलेले नसते. पाहणाराचे ऋण त्याच जातीचे आहे. ते फेडण्याचा मार्ग आकडा सांगून टाकणे हा नव्हे. तो आकडा ज्याच्याविषयी आहे त्याच्या आयुष्यात काही करू शकेल अशी व्यवस्था लावणे हा होय. वेदनेत कळणे आणि करणे यांच्यामध्ये जी फट नसते, ती या ज्ञानात असते. आणि ती मनुष्याने मनुष्यासाठी भरून काढावयाची असते.

यावर कोणी म्हणेल की, असे असेल तर सुज्ञाने न पाहिलेलेच बरे. पाहिले नाही म्हणजे ऋणही नाही. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. जेथे पाहण्याने उपाय घडतो तेथे न पाहणे हे ऋण चुकविणे आहे, हे डोळ्याच्या उदाहरणावरून स्पष्टच आहे. जेथे उपाय अद्याप सापडलेला नाही, तेथे शोधासाठी पाहणे हे पुढील पिढीचे ऋण फेडणे आहे. मात्र ज्याच्यावर प्रकाश टाकला त्याला तसे आधी सांगितले पाहिजे, आणि त्याने 'माझा आकडा मला सांगू नका' असे म्हटले तर तेही ऐकले पाहिजे. न जाणण्याचा हक्क हा भित्र्याचा हक्क आहे असे पुष्कळांस वाटते. पण ज्या ज्ञानाने आज काहीच बदलणार नाही, ते आपल्या उशाशी ठेवून निजावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या उशीवर निजणाराचाच आहे.

येथे आपल्या कुटुंबपद्धतीचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. आपल्याकडे वडील माणसाच्या तपासणीचा कागद आधी मुलाच्या हाती जातो, मुलगा वैद्याशी इंग्रजीत बोलतो, आणि ज्याचा पाय आहे तो खुर्चीवर बसून दोघांच्या तोंडाकडे पाहत असतो. 'त्यांना उगाच काळजी नको' हे यामागचे कारण प्रेमाचे असते, यात शंका नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की, देहाने ज्याला सांगणे सोडले त्याला माणसांनीही सांगणे सोडलेले असते. मग पथ्य हे घरच्यांनी लादलेले बंधन वाटू लागते, आणि ते चोरून मोडण्यात एक प्रकारचे स्वातंत्र्य भासते. ज्याचे पाऊल त्याला, त्याच्या भाषेत, त्याच्या समजुतीस उतरेल असे आधी सांगावे. सांगू नये असे त्याने स्वतः म्हटले तरच थांबावे. इतरांचा अधिकार त्यानंतरचा.

आणि घरच्यांचे कर्तव्य यापुढे सुरू होते. ते महागड्या यंत्राचे काम नाही. रोज रात्री दिव्याच्या उजेडात दोन्ही पावले, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा नीट पाहाव्या. ज्याला वाकता येत नाही त्याची दुसऱ्याने पाहाव्या. आंघोळीचे पाणी पायाने अजमावू नये, कोपराने अजमावावे. पाय चुकीचे सांगतो, कोपर बहुधा खरे सांगते. घरातही अनवाणी फिरू नये. चप्पल-जोडा घालण्यापूर्वी आत हात घालून खडा नाही ना ते पाहावे. वैद्याकडे गेल्यावर १० ग्रॅम भाराने वाकणारा नायलॉनचा जाड धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला वीजही लागत नाही. ती दरवर्षी मागून घ्यावी. या गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्यांना ज्ञान म्हणण्यास आपण कचरतो. परंतु सासऱ्याच्या पायाला भेग पडलेली पाहून जी सून 'आज बाहेर जायचं नाही' असे म्हणते, तिच्या बोलण्याला यंत्राच्या आकड्याला नसलेला एक गुण असतो : ते बंद करण्याची कळ सासऱ्याच्या हाती नसते.

प्रकाशाने मोजण्याची विद्या पुढे जाईल, आणि ती जावी अशीच आमची इच्छा आहे. आज संशोधनशाळेत असलेले यंत्र उद्या गावच्या दवाखान्यात येईल. डोळ्याप्रमाणे त्वचेच्या बाबतीतही पाहण्यापाठोपाठ काही निश्चित करण्यासारखे सापडेल, आणि तेव्हा आम्ही वर केलेला भेद आपोआप मिटेल. तोपर्यंत प्रकाश टाकणाराने टाकण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावे. जे दिसेल त्याने या मनुष्यासाठी किंवा त्याच्यासारख्या पुढच्या मनुष्यासाठी काही करता येणार आहे काय, हा पहिला. दुसरा प्रश्न अधिक घरगुती आहे, आणि तो वैद्यापेक्षाही कागद घरी घेऊन जाणारांस अधिक लागू आहे : हा कागद कपाटात ठेवल्यानंतर, आज रात्री हे पाऊल कोण पाहणार आहे?